पुढे काहीच नव्हतं!

रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईला परतताना हा अनुभव तुम्ही नक्की घेतला असणार. एक्स्प्रेस वेवर गाडी मस्त पळतेय आणि अचानक पुढे लाल दिवेच दिवे! ब्रेक, फर्स्ट गिअर, पुन्हा ब्रेक. पंधरा-वीस मिनिटं रखडलं की गाडीतला प्रत्येक जण डिटेक्टिव्ह होतो. ‘अ‍ॅक्सिडेंट असणार.’ ‘छे, ट्रक बंद पडला असेल.’ आणि मग एकदम रस्ता मोकळा. अ‍ॅक्सिडेंट नाही, ट्रक नाही, साधा खड्डासुद्धा नाही. मग एवढा वेळ आपण थांबलो होतो तरी कशासाठी?

फिजिक्सवाल्यांकडे याचं उत्तर आहे. पण ते ऐकायला तितकंसं गोड नाही. कारण कित्येकदा हा जॅम पुढच्या कुणी केलेलाच नसतो. तो आपण सगळ्यांनी मिळून केलेला असतो.

जपानच्या नागोया युनिव्हर्सिटीतले युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक भन्नाट प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाचा एक गोल ट्रॅक आणि त्यावर २२ गाड्या. ड्रायव्हर्सना सूचना अगदी साधी, ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाने गोल फिरत राहा, पुढच्या गाडीवर आदळू नका. ना सिग्नल, ना रिक्षा स्टँड, ना मध्येच घुसणारी वरात. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला. मागचा त्याहून थोडा जास्त मंदावला, त्याच्या मागचा आणखी जास्त. बघता बघता चार-पाच गाड्या चक्क उभ्या राहिल्या. काहीही कारण नसताना, जॅम!

खरी गंमत पुढेच आहे. जॅमच्या तोंडाशी असलेली गाडी सुटून निघून जाते आणि शेपटाशी नवी गाडी येऊन अडकते. म्हणजे गाड्या पुढे चालल्यात, पण जॅम मात्र मागे मागे सरकतोय! त्या ट्रॅकवर तो ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलटा फिरत होता. खऱ्याखुऱ्या हायवेवरही साधारण हाच वेग सापडतो.

रस्त्यावरच्या या लाटांचं गणित त्याआधीच, १९५५ साली मांडलं गेलं होतं. मँचेस्टर युनिव्हर्सिटीतल्या जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिदम यांनी दोन भागांत एक शोधनिबंध लिहिला. पहिला भाग लांब नद्यांमधल्या पुरावर, दुसरा गजबजलेल्या रस्त्यांवरच्या ट्रॅफिकवर! गणिताच्या नजरेतून दोन्ही एकाच घरातले. रस्त्यावरून तासाला किती गाड्या पार होतात, ते दोन गोष्टींवर ठरतं. गाड्या किती दाटीने आहेत आणि किती वेगाने चालल्यात. दाटी वाढत गेली की सुरुवातीला जास्त गाड्या पार होतात. पण एका मर्यादेनंतर वेग इतका पडतो की आकडा उलट खाली येतो. आणि त्या मर्यादेच्या आसपास गाड्या चिकटून चालत असतील, तर एक जोरदार ब्रेकसुद्धा मागे लाट पाठवायला पुरतो.

माझी एक मैत्रीण रोज ऑफिसच्या कॅबने घरी जाते. मुलीचं पाळणाघर सात वाजता बंद होतं, त्यामुळे साडेसहानंतर तिचं लक्ष फक्त घड्याळाकडे. कॅबचे ड्रायव्हरकाका पुढच्या गाडीपासून नेहमी चांगलं अंतर ठेवतात आणि हळूहळू, पण न थांबता चालतात. एकदा मीही त्या कॅबमध्ये होते. ‘काका, गॅप भरा ना, बाइकवाले घुसतायत!’ ती वैतागून म्हणाली. काका शांतपणे म्हणाले, ‘घुसू दे ना ताई. दहा बाइक घुसल्या तरी आपलं एक मिनिट जाणार नाही.’

काकांनी लाइटहिल वाचलेला नसणार. पण ती गॅप वाया गेलेली जागा नाही, तो रस्त्याचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे. पुढून आलेला धक्का तिथेच जिरतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टुसॉनमध्ये नागोयासारखाच गोल ट्रॅक घेऊन हे तपासलं गेलं. वीसेक गाड्यांमध्ये फक्त एक गाडी कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली. ती पुढे अंतर राखत एकसारख्या वेगाने चालली आणि लाट विरून गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सगळ्या गाड्यांचं मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत वाचलं. एका गाडीने!

आता तुम्ही म्हणाल, हे तिकडे ठीक आहे, आपल्याकडे लेन तरी आहेत का? मान्य. आपल्याकडे बस, रिक्षा, बाइक सगळे एकाच रस्त्यावर. इंडियन रोड्स काँग्रेसलाही गर्दी मोजताना कार म्हणजे एक, बाइक एकाहून कमी, बस एकाहून जास्त असा हिशेब धरावा लागतो. शिवाय रस्त्याच्या कुवतीपेक्षा जास्त गाड्या आल्या, तर जगातला सर्वांत शहाणा ड्रायव्हरही काही करू शकत नाही. तिथे उपाय एकच, गाड्या कमी करणं. चाळीस जणांनी चाळीस गाड्या काढण्यापेक्षा एका बसमध्ये बसणं.

तरीही काकांचं मला पटलं. कारण लाट नेहमी मागे जाते. आपण कचकन ब्रेक मारतो आणि पुढे निघून जातो. त्याची शिक्षा दोन किलोमीटर मागच्या कुणाला तरी मिळते. त्याचं तोंडही आपण बघत नाही. तसंच आपण सोडलेल्या गॅपचा फायदाही मागच्यालाच. तो काही थँक यू म्हणायला येणार नाही. पण त्यालाही कुठेतरी सातच्या आत पोहोचायचं असेलच ना?

एक छोटा गेम सुचवते. उद्या घरापासून ऑफिसपर्यंत ब्रेकवर किती वेळा पाय गेला ते मोजा. परवा थोडी गॅप ठेवून पुन्हा मोजा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. त्याला माहीत नाहीये, त्याचंच काम चाललंय.