पर्समध्ये काय ठेवायचं?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी शेवटची भाकरी तव्यावरून उतरवत होते. "मावशी, एक विचारू? हसू नकोस हं. बाईमाणसाला रिव्हॉल्वरचा परवाना मिळतो का गं?"

मी हसलेच. म्हटलं, कुणाला मारायचंय? पण पलीकडून हसू आलं नाही. मग गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

भाची तालुक्याच्या गावात एका फायनान्स कंपनीच्या शाखेत काम करते. पगार चौदा हजार. शाखेत माणसं सात, त्यात बायका दोन. महिनाअखेरीला हिशेब जुळवता जुळवता आठ वाजतात, शेवटची एसटी साडेआठची. स्टँडवर उतरून घरापर्यंत पंधरा मिनिटं चालत. रस्त्यावरचे दिवे असले तर असले. तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून ऐकलं होतं की बायकांसाठी खास रिव्हॉल्वर निघालंय. पर्समध्ये मावतं. एकदा ते घेतलं की चिंता मिटली.

रिव्हॉल्वर निघालं होतं ही गोष्ट खरी आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ते बाजारात आणलं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर देश हादरला होता, त्या मुलीला सगळे 'निर्भया' म्हणत होते, त्यावरूनच याचं नाव ठेवलं 'निर्भीक'. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत तेव्हा एक लाख बावीस हजारांच्या घरात. आणि ते द्यायचे कशात, तर दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून रंगाच्या डबीत! बायकांना दागिने आवडतात ना, म्हणून. हे वाचलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. भाचीच्या आठ-नऊ महिन्यांच्या पगाराची ती डबी. आणि ज्या बाईला खरोखर भीती आहे, ती शेतमजूर, ती घरकामाला जाणारी, ती रात्रपाळीची आया, तिनं ही डबी कुठून आणायची?

भावोजींशीही बोलले. ते म्हणाले, "तू काहीही म्हण, चार गुंड समोर आले तर कायदा येतो का धावून? दुबळ्याच्या हातात बंदूक आली की बरोबरी होते." बापाचं काळीज आहे, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला कायद्यानंही दिलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण त्याच कायद्यात हेही आहे की बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती घ्यायची.

शिवाय आपल्या देशात बंदूक बाळगणं हा कुणाचा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा तसं मानूनच चालतो. आपल्याकडे जिल्हाधिकारी, मोठ्या शहरात पोलिस आयुक्त परवाना देतात. पोलिसांची चौकशी होते. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टीही आणल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच शस्त्रं, असं ठरवलं. लग्नाच्या वरातीत हौसेनं बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीतलं.

मी बंदुकीच्या सरसकट विरोधात नाही. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. रानडुकरं एका रात्रीत भाताचं वाटोळं करतात, माकडं नारळ ठेवत नाहीत. निवडणूक आली की त्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या आणि मग शेतकरी कुरकुरतात. ती बंदूक म्हणजे कोयत्या-फावड्यासारखं एक अवजार. ती मिरवायला कुणी गावात नेत नाही.

गडबड सुरू होते ती बंदूक कमरेला लावून मिरवायला लागल्यावर. २०२५ च्या सुरुवातीला एकट्या बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने असल्याची केवढी चर्चा झाली, आठवतं ना? मग काही परवाने रद्द झाले. भावोजींना मी एवढंच विचारलं, की हे परवाने काय दुबळ्यांना मिळाले होते? साध्या कारकून मुलीचा अर्ज आधी मंजूर होईल की पुढाऱ्याच्या माणसाचा? मग ती बरोबरी कुठली?

बंदूक कशी सांभाळावी, हे मी एका माणसाकडून पाहिलंय. १९९८ च्या सुमारास मी एका सहकारी बँकेच्या शाखेत कारकून होते. दाराशी आमचे गार्ड काका बसत. लष्करातून निवृत्त, मिशा पांढऱ्या, खांद्याला बारा बोअरची बंदूक. नळी कायम जमिनीकडे. जेवायला बसले तरी बंदूक हाताच्या अंतरावर, कुणी शिवायचं नाही. एकदा कॅशियरनं गमतीत म्हटलं, "काका, रिकामी तर आहे, द्या की जरा." काका म्हणाले, "बंदूक रिकामी आहे असं कधी म्हणू नये साहेब. ती भरलेलीच समजायची." संध्याकाळी काडतुसं मोजून वहीत लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजत.

एकदा बँकेच्या चेअरमनच्या घरी लग्न निघालं. निरोप आला, वरातीला काकांनी बंदूक घेऊन यावं, दोन बार काढावेत, तेवढीच शोभा. काकांनी सांगून पाठवलं, "परवाना बँकेच्या राखणीसाठी आहे. मी वाढायला येतो, बंदूक येणार नाही." आम्ही सगळे घाबरलो, वाटलं आता यांची नोकरी जाते. काका खरोखर लग्नात गेले, पंगतीत वाढत होते. नोकरी गेली नाही. पण त्या दिवाळीला सगळ्यांना बक्षिसी मिळाली, त्यांना नाही.

हे मला पुन्हा आठवलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. मुंबईत दहिसरला फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी नगरसेवकाची गोळ्या घालून हत्या झाली आणि मारणाऱ्यानं स्वतःवरही गोळी झाडली. पिस्तूल त्याचं नव्हतंच. त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिस तपासात पुढे आलं. त्या अंगरक्षकाचा दोष किती, ते कोर्ट ठरवेल. पण परवाना एकाच्या नावावर आणि चाप दुसऱ्याच्या बोटाखाली, हे होऊ शकतं हे तर दिसलंच. घरातल्या कपाटात ठेवलेल्या शस्त्राला हेच लागू आहे. ते फक्त आपल्याच हाती लागेल असं कोण सांगणार? दारू पिऊन आलेला नवरा, तापट दीर, परीक्षेत नापास झालेला मुलगा, चावी सगळ्यांना ठाऊक असते. बाईला मार बसतो तो बहुतेक वेळा घरातच. त्या घरात आपणच शस्त्र आणून ठेवायचं?

हे सगळं भाचीला सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, "बरं, तुला नेमकी भीती कुणाची वाटते? रस्त्यावरच्या माणसाची?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "रस्त्याची नाही गं एवढी. रस्त्यावर ओळखीची दुकानं आहेत."

हळूहळू बाहेर आलं. शाखेचे साहेब. मुद्दाम उशिरा काम देणं, बाकीचे गेल्यावर केबिनमध्ये बोलावणं, खुर्चीच्या पाठीवर हात, मग खांद्यावर. रात्री अकराला मोबाइलवर मेसेज. बाबांना ती हे सांगू शकत नव्हती, कारण बाबा एक तर नोकरी सोडायला लावतील, नाहीतर त्या साहेबाच्या अंगावर धावून जातील. म्हणून तिनं "रस्त्यावर भीती वाटते" असं सांगितलं होतं, आणि बाबांनी त्यावर रिव्हॉल्वर शोधून काढलं होतं!

मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा. खांद्यावरच्या हातावर बंदूक रोखता येते का? कायदाही म्हणतो, लागेल तेवढंच बळ. इथे आवाज लागतो, आणि तो आवाज ऐकणारं कुणीतरी लागतं.

तो ऐकण्यासाठी कायदा आहे, आणि तो एका खेड्यातल्या बाईमुळे आलाय. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. १९९२ मध्ये बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण ती बाई आपलं काम करत होती, मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला.

हा कायदा आपण पाठच करायला हवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष बाई, निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही ती वाट खुली आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. नावं बाहेर फोडायची नाहीत. आणि पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार करणारीला शिक्षा होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना यासाठीचे अधिकारी आणि समित्या नेमण्याबद्दल पुन्हा बजावलं. कायद्याला अकरा वर्षं झाल्यावर पुन्हा बजावावं लागलं, यातच सगळं आलं.

कारण कागदावर समिती असून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात येरवड्याला एका कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्यानंच एका मुलीवर शस्त्रानं वार केले. भोवती माणसं उभी होती. त्यानं शस्त्र टाकल्यावर ती पुढे धावली, त्याला धरलं, पण तोवर उशीर झाला होता. ती मुलगी वाचली नाही. भीती कुणाला वाटत नाही? त्या जागी आपण काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सांगू शकत नाही, कारण मी स्वतः एकदा गप्प बसले आहे. त्याच बँकेत एक टायपिस्ट मुलगी होती, कच्च्या नोकरीवर. अधिकारी तिला सारखे केबिनमध्ये बोलवत. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आम्ही बायका डबा खाताना तिच्याबद्दलच कुजबुजायचो, "हिलाच कसं बोलावतात?" विशाखा निकाल येऊन वर्ष झालं होतं, पण आमच्या शाखेत कुणाच्या कानावरही नव्हता. एका संध्याकाळी गार्ड काका उठले, केबिनचं दार सताड उघडून त्याला खुर्ची लावली आणि म्हणाले, "साहेब, बँक बंद व्हायची वेळ झाली. ताईंना बसपर्यंत सोडून येतो." बंदूक त्यांनी तेव्हा आत तिजोरीपाशी कुलपात ठेवली होती. मोकळ्या हातानं आले होते. दोन महिन्यांनी त्या मुलीनं नोकरी सोडली. तिला एकदाही 'काय झालं गं' असं मी विचारलं नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, अजून टोचतं.

म्हणून या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. भाचीला म्हटलं, सगळे मेसेज जपून ठेव. एक छोटी वही कर. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, सगळं लिही. शाखेत सातच माणसं असली तरी कंपनी मोठी आहे, तिची समिती असणारच. चौकशी केली तर ती विभागीय कार्यालयात निघाली. तक्रार दोघींनी बसून लिहिली. शाखेतल्या दुसऱ्या बाईला विचारलं, तुम्ही साक्ष द्याल का? तिनं आठ दिवस घेतले. मग हो म्हणाली. भावोजींनाही शेवटी सांगितलं. ते आधी संतापले, मग गप्प झाले. आता रोज साडेआठच्या एसटीला स्टँडवर जाऊन उभे राहतात.

निकाल काय लागेल माहीत नाही. नोकरी टिकेल की नाही, तेही माहीत नाही. पण तिच्या पर्समध्ये सध्या ती वही आहे, एक पेन आणि एसटीचा पास.

तुमच्या ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात, दुकानात अशी समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का? उद्या कामावर गेलात की एवढं बघून या. नसेल तर विचारा. आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी हल्ली डबा न खाता परत नेत असेल, तर तिलाही विचारा.