52 फुटांची राणी

आमच्या कॉलनीच्या बागेत या आठवड्यात कोनशिला बसली. बाग जुनीच. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, नळाची तोटी गायब, कडुनिंबाखालच्या बाकाला पाठ नाही. कोनशिला मात्र काळ्या ग्रॅनाइटची आणि सोनेरी अक्षरांची. मुख्य अतिथी, अध्यक्षता, विशेष उपस्थिती आणि मग 'गरिमामयी उपस्थिती'. ही गरिमामयी उपस्थिती नेमकं काय करते, हे सगळा जन्म जबलपुरात काढूनही मला कळलेलं नाही. पाट्या वाचायची मला खोड आहे, त्यामुळे चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचली. बागेत काम काय झालं, ते तळाला बारीक अक्षरांत होतं: उद्यान का सौंदर्यीकरण. म्हणजे कोनशिलेभोवती पेव्हर ब्लॉक बसवले.

आता आकडे, म्हणजे तो विषय संपेल. 'अमृत' योजना 2015 साली आली. तिच्यात बागा आणि हिरव्या जागांसाठी अडीच टक्के वाटा ठेवलेला होता, आणि देखभालीत रहिवाशांना सहभागी करून घ्यावं, अशी अपेक्षाही. (आमच्याकडे हा सहभाग म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. पहाटे पिशवी घेऊन जास्वंदी साफ करतात.) जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीची पहिली 20 शहरं जाहीर झाली, त्यांत जबलपूर होतं. केंद्राचे 500 कोटी, तेवढेच राज्याचे, असा तो हिशेब. आणि 5 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांनी जबलपुरात येऊन सोळाव्या शतकातल्या गोंड राज्याची राणी दुर्गावती हिच्या स्मारक-उद्यानाचं भूमिपूजन केलं. खर्च सुमारे 100 कोटी, जागा 21 एकर, त्यात राणीचा 52 फुटी कांस्य पुतळा. त्यानंतर चारच दिवसांनी, 9 तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. राणीचा जन्म 5 ऑक्टोबर 1524 चा, तेव्हा पाचशेवी जयंती जवळ आली होती हे खरं. तिथीही जुळली, मुहूर्तही जुळला.

तर मी कोनशिला वाचत होते आणि माळी शेजारी उभा होता. तो ठेकेदाराचा माणूस. वाट्याला बऱ्याच बागा, त्यामुळे आमच्याकडे उगवतो अधूनमधून. म्हटलं, भैया, इतका पैसा आला, तर त्या नळाला एक तोटी नाही बसवता आली? तो हसला. "दीदी, पौधा लगाने का पैसा आता है, पानी डालने का नहीं आता." मी म्हटलं, मग रोपं? "मर जाती हैं. फिर लगाने का पैसा आता है."

अर्थसंकल्पावरच्या चर्चा मी टीव्हीवर नेमाने ऐकते. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यातला फरक इतक्या थोडक्यात आजवर कोणी सांगितला नव्हता. बांधायला भोपाळ-दिल्लीहून पैसे येतात, राखायला मात्र पालिकेनं आपल्या गल्ल्यात हात घालायचा, आणि गल्ल्यात काही नसतं. शिवाय बांधलेल्याचं उद्घाटन होतं. झाडाला रोज पाणी घातलं, याचं उद्घाटन कसं करणार? फीत कुठे बांधणार?

राणीच्या पुतळ्याच्या त्या 52 चं मला भारी कौतुक वाटतं. जबलपूरला या आकड्याचं जुनं वेड आहे. दुर्गावतीचे सासरे संग्रामशाह यांचे गढ 52. राणीनं लढाया किती लढल्या, तर लोक सांगतात 52. आणि शहरातले जुने तलाव? तेही 52. इतिहासाचा माझा अभ्यास नाही, पण एवढं सगळं नेमकं 52 भरावं याचा संशय मला शाळेत असल्यापासून आहे. आमच्या गुरुजींना एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, खाली बस. तेव्हा पुतळा 50 फुटांचा न होता 52 फुटांचा का ठरला असावा, हे जबलपूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

लढायांचं सोडा, तलावांबद्दल मात्र बोलायला हवं. मदनमहालच्या टेकड्यांवरून उतरणारं पावसाचं पाणी गोंड राजांनी जागोजाग अडवलं. शहरातल्या मोहल्ल्यांची नावं म्हणजे त्या तलावांची हजेरीच आहे. राणीताल स्वतः राणीचा. आधारताल तिचा दिवाण आधार कायस्थ याचा. आणि चेरीताल तिच्या दासीचा, असं परंपरा सांगते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्यातली गंमत परवा ती सोनेरी नावं वाचताना लक्षात आली. सोळाव्या शतकातल्या राज्यात राणीबरोबर दिवाणाच्या नावाचा तलाव असावा, हे समजू शकतं. दिवाण लोक आपली नावं कुठेतरी घालून घेतातच. पण दासीच्या नावाचा तलाव! आज एखाद्या कोनशिलेवर माळ्याचं, झाडूवालीचं, गवंड्याचं नाव दाखवा, मी तुम्हाला कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी खाऊ घालते.

त्या तलावांचं पुढे काय झालं? चेरीतालमध्ये आज घरं आहेत, दुकानं आहेत, वाहनांची कोंडी आहे, ताल नाही. मढातालचं तेच. राणीताल म्हटलं की नव्या पोरांना स्टेडियम आठवतं. भंवरतालमध्ये तर उद्यानच आहे, नाव तेवढं पाण्याचं राहिलं. तिथल्या मौलश्रीच्या झाडाखाली मार्च 1953 मध्ये आपल्याला ज्ञान झालं, असं रजनीश सांगत. मला त्याच बागेत फक्त सर्दी झाली आहे. आधारतालात पाणी आहे, पण जलपर्णीचा हिरवा गालिचा असा पसरतो की अनोळखी माणसाला ते मैदान वाटावं. राणीच्या नावानं विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे, जम्मूकडे जाणारी गाडी आहे, 1988 साली निघालेलं टपाल तिकीटही आहे. तिनं आणि तिच्या घराण्यानं जे खरोखर बांधलं होतं, ते मात्र आपण मातीनं भरून त्याचे प्लॉट पाडले.

उलट, या परिसरात नीट टिकलेली दोन ठिकाणं सांगते. पहिलं, मदनमहाल किल्ल्याच्या वाटेवरची बॅलन्सिंग रॉक. एका खडकावर दुसरा खडक, जेमतेम टेकलेला. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातल्या भिंती पडल्या, हा हलला नाही. याच्या मजबुतीकरणासाठी निधी मंजूर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

दुसरं, बरेल्यापुढे नर्रई नाल्याजवळची राणीची समाधी. 24 जून 1564 रोजी, मोगलांशी लढताना, हाती लागायचं नाही म्हणून तिनं स्वतःच कट्यार चालवली. कर्नल स्लीमन हा ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी. त्याच्या 1844 सालच्या पुस्तकात या जागेचं वर्णन आहे. त्या वाटेनं जाणारे वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांतला सगळ्यात देखणा निवडून समाधीवर ठेवत, असं तो लिहितो. तेव्हा राणीला जाऊन अडीचशेहून अधिक वर्षं झाली होती. मधे तिचं राज्य बुडालं, सागरचे मराठे आले, नागपूरकर भोसले आले, 1817 साली तेही गेले, पण लोक खडे ठेवतच राहिले. कोणत्याही योजनेत ते बसत नव्हतं, म्हणून कुणी बंदही पाडलं नाही.

पुतळ्याला माझा विरोध नाही. माझ्या शहरातल्या बाईचा 52 फुटी पुतळा होणार असेल तर मला आनंदच आहे. गोंडांच्या इतिहासाचं संग्रहालय तिथे होणार आहे, ते तर फार आधीच व्हायला हवं होतं. मागणं इतकंच की स्मारकाच्या खात्यातून, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही, आधारतालच्या जलपर्णीसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम बाजूला निघावी, आणि ती खर्च करायला मंत्र्यांची तारीख लागू नये.

पावसाळ्यात बंद असलेल्या भेडाघाटच्या नावा दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू झालेल्या असतात आणि नागपूरकरांची रीघ लागते. या, संगमरवर बघा, धुवाँधार बघा. पण एक सकाळ संग्रामसागरला द्या. हा तलाव राणीच्या सासऱ्यांनी बांधला, आणि तो अजून तलावच आहे. बाजनामठ म्हणालात की रिक्षावाला तिथे नेऊन सोडतो.