‘महावतार नरसिंह’चा गल्ला आणि आपल्या मुलांचा सिनेमा

२५ जुलै २०२५ रोजी ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. त्यात मोठा नट नव्हता आणि दिग्दर्शक अश्विन कुमार यांचं नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी देशभरात दोन कोटींच्या आत कमाई झाली. रविवारी ती चौपटीहून जास्त झाली आणि पुढे जगभरातला गल्ला तीनशे कोटींच्या वर गेला. भारतात बनलेल्या कुठल्याही ॲनिमेशनपटाला एवढा पैसा याआधी मिळाला नव्हता.

निर्मात्यांनी प्रदर्शनाआधीच अशा सात चित्रपटांची मालिका जाहीर केली होती. नरसिंहानंतर परशुराम, रघुनंदन, द्वारकाधीश, गोकुलानंद आणि शेवटी कल्कीचे दोन भाग. शेवटचा भाग २०३७ साली यायचा आहे. २०२५ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल तेव्हा अठरा वर्षांचं, म्हणजे मतदार झालेलं असेल. त्याचं सगळं बालपण आणि किशोरवय या मालिकेच्या सोबतीने जाईल.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. ‘हा सांस्कृतिक हल्ला आहे’ असं एक मित्र समाजमाध्यमावर लिहितो. ‘कार्टूनच तर आहे’ असं दुसरा म्हणतो. दोघांचंही तिकीटबारीकडे लक्ष नसतं. हा चित्रपट चालला कसा, हे नीट समजून घेतलं तर आपल्याला काय करता येईल तेही समजेल.

एक हट्ट, चार तिकिटं

कौटुंबिक ॲनिमेशनपटाचं गणित साधं आहे. हट्ट मूल धरतं आणि पैसे मोठी माणसं देतात. मूल एकटं जाऊ शकत नाही, म्हणून एका हट्टावर तीन-चार तिकिटं खपतात. पण मोठ्यांना ‘हे मुलांना दाखवलंच पाहिजे’ असं वाटलं तरच ती खपतात. आपल्याकडचे अनेक ॲनिमेशनपट इथेच अडकले. २००५ च्या ‘हनुमान’ला मोठ्यांनी मुलांना नेलं. २००८ चा ‘रोडसाइड रोमिओ’ यशराज आणि डिस्ने अशा दोन बड्या कंपन्यांनी मिळून काढला होता, तरी त्याला तशी गर्दी झाली नाही. कुत्र्याची गोष्ट दाखवणं कुठल्या आई-बापाला कर्तव्य वाटणार?

‘नरसिंह’च्या वेळी ही कर्तव्याची भावना पुरेपूर कामाला आली. थिएटरबाहेर चपला काढून आत जाणाऱ्या आणि पडद्यासमोर भजन करणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ फिरले आणि तीच त्याची जाहिरात झाली. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या हे पाहून थिएटरवाले पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवतात. संघटित भाविकांनी पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या, खेळ वाढले आणि मग बाकीचा प्रेक्षक आला. ज्या समाजाकडे जमण्याची सवय आणि जमवणारी यंत्रणा आहे, त्याचा चित्रपट नटाशिवायही चालतो.

शिखांनी हे आधीच केलं होतं

यासाठी बहुसंख्य असावं लागत नाही. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी, गुरू नानक जयंतीच्या दिवशी, हॅरी बवेजा यांचा ‘चार साहिबजादे’ हा थ्रीडी ॲनिमेशनपट आला. गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांच्या बलिदानाची ती गोष्ट. गुरू आणि त्यांच्या कुटुंबाची भूमिका माणसाने करणं शीख परंपरेला मान्य नाही, म्हणून ॲनिमेशनचा मार्ग निवडला गेला. पंजाबात आणि परदेशातल्या शीख वस्त्यांत लोक आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन गेले. देशाच्या लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आत असलेल्या समाजाने तो चित्रपट यशस्वी केला. दुसरा भाग ११ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या घोषणेनंतर तिसऱ्या दिवशी आला आणि त्याला पहिल्यासारखं यश मिळालं नाही. समाज तोच होता, पण त्या आठवड्यात तिकिटाला द्यायला हातात नोटा नव्हत्या.

तारखेचं महत्त्व आपणही अनुभवलं आहे. ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीराव फुले यांच्या जयंतीला येणार होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले आणि तो २५ एप्रिलला आला. तोवर फुले जयंतीही झाली होती आणि भीमजयंतीही. आपली वस्ती रस्त्यावर असते, खिशात वर्गणीचे पैसे असतात, पाहुणे घरी आलेले असतात, ते दिवस हातचे गेले. चित्रपट फारसा चालला नाही. सेन्सॉरच्या सूचनांवर आपण भरपूर बोललो, पण त्या दोन आठवड्यांनी तिकीटबारीचं काय नुकसान केलं यावर बोललो नाही.

बुद्धावर चित्रपट झाला होता, पण कुणासाठी?

चेन्नईच्या पेंटामीडिया ग्राफिक्सने २००४ मध्ये ‘द लेजंड ऑफ बुद्धा’ हा ॲनिमेशनपट काढला होता. ऑस्करच्या ॲनिमेशन विभागासाठी विचारात घेतलेल्या चित्रपटांच्या यादीतही त्याचं नाव होतं. तो पाहिलेला एकही माणूस मला आमच्या भागात भेटलेला नाही. जपानमध्ये ओसामु तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या चित्रकथा-मालिकेवर २०११ मध्ये ॲनिमेशनपट झाला. तोही आपल्या मुलांपर्यंत मराठीत आला नाही. म्हणजे चित्रपट झाले, पण ते वस्तीपर्यंत आणणारी साखळी नव्हती.

याला आणखी एक बाजू आहे. अनेक ठिकाणी दशावतारांच्या यादीत नववा अवतार म्हणून बुद्धाचं नाव घेतलं जातं. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्ये ही कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारायला लावली आहे. जाहीर झालेल्या सात चित्रपटांत बुद्ध नाहीत. पण अवतारांच्या गोष्टी पडद्यावर इतक्या चालत असताना उद्या कुणी बुद्धालाही त्या रांगेत बसवणार नाही, याची खात्री कोण देईल? तेव्हा निषेधाचं पत्रक काढू. पण आठ वर्षांचं मूल पत्रक वाचत नाही.

जळकोटहून हिशेब

मी तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटमध्ये काम करतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट पाहायचा तर नळदुर्गच्या पुढे थेट सोलापूर गाठायचं, म्हणजे जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर. चौघांची तिकिटं, एसटीचं भाडं आणि मुलांचा खाऊ धरला तर शेतमजूर कुटुंबाची कित्येक दिवसांची मजुरी जाते. म्हणून इथल्या मुलांनी ‘नरसिंह’ पाहिला तो थिएटरमध्ये नाही, मोबाइलवर, सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आल्यानंतर. बहुतेकांनी तुकड्या-तुकड्यांत. गल्ल्यात त्यांचा रुपया नाही, पण डोक्यात ती चित्रं आहेत.

आता आपल्या चित्रपटाचा हिशेब मांडू. समजा प्रसिद्धीसह पाच कोटींत एक नेटका ॲनिमेशनपट तयार झाला. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. १५० रुपयांच्या तिकिटातले सुमारे २३ रुपये करात जातात. उरलेल्या १२७ पैकी ढोबळमानाने निम्मे थिएटर ठेवतं. निर्मात्याच्या हाती येतात ६३ रुपये. पाच कोटी वसूल व्हायला जवळपास आठ लाख तिकिटं खपली पाहिजेत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते. म्हणजे आठातल्या एकाने तिकीट काढलं पाहिजे. हे अशक्य नाही, पण सोपंही नाही, कारण आपला मोठा हिस्सा जळकोटसारख्या गावांत राहतो. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने दाखवून दिलं की तालुक्याच्या ठिकाणचं जुनं, एकपडदा थिएटरही रात्री उशिरापर्यंत भरतं. पण ‘सैराट’ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. फक्त आपल्या समाजाच्या भरवशावर उभा राहणारा चित्रपट त्याच मापाने मोजून चालणार नाही.

आपल्याकडे काय आहे

विक्रीची व्यवस्था आपल्याकडे आहे, आपण तिला त्या नावाने ओळखत नाही एवढंच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. गावाकडचा माणूस भाकरी बांधून येतो आणि जाताना पुस्तक विकत घेतो. जाहिरात नसताना, मोठे प्रकाशक नसताना हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे. गावोगावी विहार आहेत, जयंती मंडळं आहेत, वर्षावासात ग्रंथवाचन होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आपण पाच कोटींपासून सुरुवात करू नये. पहिली फिल्म वीस मिनिटांची असावी. लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले, जात कळल्यावर गाडीवान मिळेना, तो प्रवास घ्या. बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात मुलं आहेत, रात्र आहे, तहान आहे. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब परिषदेसाठी आले होते, तीही गोष्ट होऊ शकते. ही फिल्म विहारात पडदा लावून दाखवायची, दहा-वीस रुपये तिकीट ठेवायचं आणि हिशेब फलकावर लावायचा. फुकट दाखवली तर पुढची फिल्म होणार नाही.

अशा पाच-सहा फिल्म झाल्या की कोणत्या गावात किती माणसं तिकीट काढतात हे आपल्याला कळेल. मोठ्या चित्रपटासाठी निर्मात्याकडे जाताना हाच आकडा हातात असायला हवा. तेव्हा तारीख एप्रिलमधली मागायची आणि पहिल्या तीन दिवसांचे खेळ मंडळांनी आगाऊ आरक्षित करायचे. जळकोट, नळदुर्ग, अणदूर इथून प्रत्येकी एक गाडी सोलापूरला गेली तरी एक खेळ बऱ्यापैकी भरतो.

यात एक पथ्य पाळावं लागेल. ‘नरसिंह’चं यंत्र घ्यावं, मंत्र घेऊ नये. बुद्ध आणि बाबासाहेब यांना चमत्कार करणारे नायक बनवलं तर गल्ला कदाचित वाढेल, पण मग अवतारपटात आणि आपल्या चित्रपटात फरक राहणार नाही. मसूरच्या स्टेशनवरचा मुलगा उडत नाही. तो प्रश्न विचारतो. मुलांना ते आवडेल का, अशी शंका अनेकजण काढतील. विहारात मुलांना बसवून दाखवल्याशिवाय तिचं उत्तर मिळणार नाही.

यंदाच्या जयंतीची वर्गणी ठरवायला मंडळं बसतील तेव्हा डीजेच्या खर्चातला एक भाग या कामासाठी बाजूला काढण्याचा ठराव तरुणांनी मांडावा. जळकोटमध्ये आम्ही तो मांडणार आहोत.