शब्द जोडीने शिकवा

इंग्रजीत 'डिस्कस' या क्रियापदाला 'अबाउट' लागत नाही. तरीही आपल्याकडच्या अर्जांत आणि मुलाखतींत 'डिस्कस अबाउट' सर्रास आढळते. मराठीत चर्चा एखाद्या विषयाबद्दल होते, म्हणून त्या 'बद्दल'ची सोय इंग्रजीतही करावीशी वाटते. 'कोणाशी तरी लग्न' यावरून 'मॅरिड विथ' येते, 'कोणावर तरी राग' यावरून 'अँग्री ऑन'. इंग्रजीची रूढी मात्र 'मॅरिड टू' आणि 'अँग्री विथ' अशी आहे.

याचा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आपण त्यांच्याकडून तक्ता घोकून घेतो: 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर. खोके आणि चेंडूच्या चित्रापुरता तो खरा आहे. पण इंग्रजीत मोटारीतला माणूस 'इन द कार' असतो आणि बसमधला 'ऑन द बस'. तक्ता प्रमाण मानला, तर बसमधल्या प्रवाशाला टपावर बसवावे लागेल. शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश माणूस 'अ‍ॅट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. इथे तर्क चालत नाही, वहिवाट चालते.

मराठीतही तेच आहे. आपण प्रेम करतो कोणावर, भांडतो कोणाशी, घाबरतो कोणाला आणि पैसे मागतो कोणाकडे. यातले 'वर', 'शी', 'ला', 'कडे' घरात कोणी शिकवत नाही. त्या त्या क्रियापदाबरोबरच ते मुलाच्या कानावर पडतात आणि तसेच जिभेवर बसतात.

इंग्रजीची शब्दयोगी अव्ययेही अशीच यायला हवीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे हाताशी आहेत. एवढ्या काळात 'गुड अ‍ॅट', 'अफ्रेड ऑफ', 'डिपेंड ऑन', 'लिसन टू' या जोड्या वाचनातून आणि बोलण्यातून सहज अंगवळणी पडतील. मात्र त्यासाठी शब्दार्थाच्या वहीत 'लिसन' एकटा उतरवून घेणे थांबले पाहिजे.

शिक्षकांना विनंती आहे: नवा शब्द फळ्यावर लिहाल तेव्हा त्याचा जोडीदारही लिहा, आणि त्या जोडीचे एक वाक्य प्रत्येक मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला लावण्यापेक्षा त्याच जोड्या वापरून मुलांना स्वतःबद्दल चार वाक्ये लिहू द्या. रिकामी जागा अंदाजानेही भरता येते. स्वतःचे वाक्य लिहायला भाषा यावी लागते.