बोल्ट बसेना? जोर नको, रेषा पाहा



वैजापूरकडे मका कणसात आला की राखणीसाठी परवान्याची रायफल बाहेर निघते. पुसायला बोल्ट काढतात आणि मग तो परत बसत नाही. अशा वेळी दगडाने ठोकू नका. आपली .३१५ बोअरची देशी रायफल ली-एनफील्डच्या धर्तीची आहे. दोष बहुधा रेषेचा असतो.

आधी मॅगझिन काढा, नळी रिकामी असल्याची खात्री करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. मग हे पाहा:

१) बोल्टचे पुढचे डोके आटे संपेपर्यंत फिरवा. त्याचा कान वरच्या लांब कडेच्या ओळीत यावा.

२) खालचा आडखिळा आणि मागच्या खुंट्याची जीभ एका ओळीत हवी. खुंटा फिरला असेल तर मागे ओढून ओळीत घ्या.

३) बोल्ट पुढे सरकवा, परत मागे ओढा आणि डोके खाली दाबा. 'टक्' झाले की बसला.

दोन भावांच्या रायफली एकत्र उघडू नका. बोल्टवरचा व रायफलीवरचा नंबर एकच हवा. दुसऱ्याचा बोल्ट बसला तरी काडतूस फुटून डोळा जाऊ शकतो. तरीही अडले तर परवानाधारक कारागिराकडेच जा.

आणि ध्यानात ठेवा, रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याने पीक खाल्ले तर बार काढू नका, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.