खरेदीखताआधी पोटनियम

आमच्या माणात जमिनीचा व्यवहार कसा होतो, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अर्धा एकर माळरान घ्यायचे असले तरी माणूस तलाठ्याकडे चार खेपा घालतो. सातबारा पाहतो, फेरफार काढतो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचे नाव अडकले आहे का ते तपासतो. वाट कोणाच्या बांधावरून, विहिरीत हिस्सा किती, पाण्याची पाळी कितव्या दिवशी, हे ठरल्याशिवाय इसाराचा रुपया हातातून सुटत नाही. दुष्काळी मुलखाने शिकवलेले हे शहाणपण आहे. पण हाच माणूस मुंबई-पुण्याला घर घ्यायला निघाला, की ते शहाणपण दहिवडीच्या एस. टी. स्टँडवरच मागे राहते.

हे मी परक्याविषयी बोलत नाही. आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, वाशीच्या बाजारात तीस वर्षे पाठीवर पोती वाहिली आणि २०२१ साली नवी मुंबईत एका जुन्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वारा येतो, नळाला पाणी आहे, स्टेशन चालत गाठता येते, एवढे पाहून व्यवहार ठरला. खाली गाडी लावायची जागाही घरमालकाने दाखवली. चुलतभावाने नुकताच कर्जावर टेम्पो घेतला होता, त्यामुळे त्या जागेचे सगळ्यांना फार अप्रूप वाटले. साठेखत झाले, खरेदीखत झाले, मुद्रांक शुल्क भरले. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला तात्या सेक्रेटरीकडे गेले, तेव्हा तीन गोष्टी कळल्या. आधीच्या मालकाची दोन वर्षांची वर्गणी व्याजासह थकली होती. 'बिल्डिंग फंडा'ला एक लाख रुपये देणगी द्यायची होती. आणि गाडीची जागा त्या मालकाची नव्हतीच, ती दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटली जात होती. मालवाहू गाडी आवारात उभी करायची नाही, असा सर्वसाधारण सभेचा ठरावही होता.

तात्यांनी दागिने गहाण टाकून सगळे पैसे भरले. टेम्पो आजही रस्त्यावर उभा राहतो.

पुढे मी सहकार खात्याचे २०१४ चे आदर्श उपविधी मिळवून वाचले. जुनी माणसे त्यांना पोटनियम म्हणतात, मलाही तोच शब्द बरा वाटतो. मी कला शाखेचा विद्यार्थी, कायद्याचा मला गंध नाही. तरी मराठीत छापलेले ते पुस्तक मला कळले. वाचल्यावर सेक्रेटरीवरचा माझा निम्मा राग उतरला, हे कबूल केले पाहिजे. थकबाकीच्या बाबतीत त्याचे बरोबर होते. संस्थेचे देणे फिटल्याखेरीज हस्तांतरण पुरे होत नाही, हे २०१९ साली सहकार कायद्यात घातलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या स्वतंत्र प्रकरणातही आहे. थकलेल्या रकमेवर द. सा. द. शे. २१ पर्यंत व्याज घेण्याची मुभा त्या उपविधींत आहे. गाडीच्या जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर वर्षाच्या बोलीने चिठ्ठ्या टाकण्याची सोयही त्यातच आहे. देणगी मात्र सरळसरळ गैर होती. हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिकेच्या हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येणार नाही आणि देणगीच्या नावाखालीही घेता येणार नाही, असे शासनाने २००१ सालीच बजावले होते. म्हणजे आधी वाचले असते तर थकबाकी विकणाऱ्याच्या रकमेतून कापून घेतली असती, देणगीला नाही म्हटले असते, आणि टेम्पोसाठी कदाचित दुसरीकडे घर पाहिले असते.

आमच्या एका सरांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, "अरे, आदर्श उपविधी सगळीकडे सारखेच. त्यात वाचायचे काय?" सरांचा मान राखून मला हे पटत नाही. आदर्श उपविधी हा नमुना असतो. संस्थेने कोणता नमुना, कोणत्या साली, कोणते फरक करून नोंदवला, हे त्या संस्थेची प्रत पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय टेम्पोची बंदी उपविधीत नव्हतीच, ती ठरावांच्या वहीत होती. तेव्हा उपविधींबरोबर मागच्या तीन-चार सर्वसाधारण सभांची इतिवृत्तेही मागावीत.

आणि पोटनियम म्हणजे भिंतीवर टांगायची पाटी नव्हे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचा सभासद फक्त पारशीच होऊ शकेल, असा तिचा पोटनियम होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. संस्थेत येणारा माणूस तिचे नियम पत्करूनच येतो, असा त्या निकालाचा रोख. आपल्याकडे ही रीत तशी जुनीच. मुंबईत गावदेवीला १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सोसायटी एका ज्ञातीच्या लोकांनी आपल्यासाठीच उभी केली होती. त्या काळी त्यात एकमेकांना आधार देण्याचा भाग मोठा होता, हेही खरे. पण मटण खाणाऱ्या माणसाला आज जे घर नाकारले जाते, ते बहुतेक ठिकाणी कागदावर न लिहिताच! अशा अलिखित नियमांना पोटनियम वाचून उत्तर मिळत नाही. मात्र 'हे कुठे लिहिले आहे ते दाखवा' एवढे म्हणण्याचे बळ वाचणाऱ्याला येते.

उलटही घडते. पोटनियमात किंवा करारात लिहिले म्हणून सगळेच कायदेशीर ठरत नाही. इमारतीखालची स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असे २०१० साली मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात ठरले. तरी 'पार्किंगचे एवढे' म्हणून पैसे मोजणारी माणसे आमच्याच आळीत मला दाखवता येतील.

माझी खरी तक्रार आणखी एक आहे. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेचे उपविधी आणि शेवटचा तपासलेला ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. ज्याला विकत घ्यायचे आहे तो तर अजून सभासद नसतो! पैसे देण्याआधी ज्याला कागदाची गरज, त्यालाच त्या कलमात हक्क नाही. सातबारा कोणालाही मिळतो, मग सोसायटीचे पोटनियम, ठराव आणि त्या फ्लॅटची थकबाकी इसार देऊ पाहणाऱ्याला का मिळू नये? हा हक्क कायद्यानेच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर सभासदाच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या, हाताने कागद काढून घ्यावेत. 'उपविधी, ठराव आणि बाकी नसल्याचा दाखला दिल्यावरच पुढचा हप्ता' असे साठेखतात लिहून घ्यावे.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतला एक जण पुण्यात फ्लॅट पाहून आला. तात्यांनी त्याला घरी बोलावून सगळे समजावले. विकणाऱ्याने उपविधींची प्रत दिली आहे. ठरावांची वही मात्र सेक्रेटरी गावाला गेल्यामुळे अजून पाहायला मिळालेली नाही, आणि इसार अजून तात्यांच्याच पेटीत आहे.