कोऱ्या बिल्ल्याचं कौतुक

नाणी जमवणाऱ्या मंडळींशी माझं एका बाबतीत कधीच जमायचं नाही. त्यांना म्हणे नाणं कोरं करकरीत हवं! बादशहाच्या मोहरेपुरता हा हट्ट एकवेळ समजू शकतो. पण दुकानदाराच्या बिल्ल्यालाही तोच न्याय?

आता हे बिल्ले कुठले, ते ऐका. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १८६२ साली लोकांनी सोनं-चांदी तर दडवलीच, पण सेंटसुद्धा बाहेर काढीनात. सुटे पैसे म्हणून पोस्टाची तिकिटं चालू लागली, तीही एकमेकांना चिकटत! शेवटी खाटीक, औषधवाले, गुत्तेवाले, फार काय, प्रेतं पोचवण्याचा धंदा करणारे, सगळ्यांनी आपापल्या नावाचे तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. अंदाज अडीच कोटींचा आहे. काहींवर ठसठशीत 'वन सेंट' आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढं 'नॉट'. 'वन सेंट' गिऱ्हाइकासाठी, 'नॉट' कायद्यासाठी!

सगळेच काही धर्मराज नव्हते. न्यूयॉर्कच्या लिंडनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याने दहा लाखांवर बिल्ले पाडले म्हणतात. घोड्यांच्या ट्रामवाल्या कंपनीकडे त्यांचा ढीग साचला. कंपनी पैसे मागायला गेली, तर या गृहस्थाने चक्क हात वर केले. १८६४च्या जूनमध्ये सरकारने खासगी नाण्यांवर बंदीच घातली.

पण बाकीच्यांचे बिल्ले चालले ते भरवशावर. आपल्याकडचा वाणी सुट्ट्याऐवजी गोळी हातावर ठेवायचा. तीच गोळी उद्या त्याला देऊन बघा! सिनसिनाटीचा खाटीक आपला बिल्ला परत घ्यायचा. म्हणून तो या हातातून त्या हातात फिरला आणि झिजला. जो झिजलाच नाही, त्याने मेल्याने केलं काय?

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. साचेवाल्यांनी त्याच काळात हौशी लोकांसाठी चांदीचे बिल्ले पाडले, एकाची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूला जोडून. त्यांनी जन्मात कुणाला बिअरचा पेला पाजला नाही. पण आजच्या दुर्मिळतेच्या दहा पायऱ्यांवर वरच्या पायरीला बसलेत तेच! बिचारा पाच हजारांवर शिल्लक असलेला, राब राब राबलेला बिल्ला पहिल्या पायरीवर, चपलांपाशी.

तुमची ती चांदी तुम्हाला लखलाभ. मला आपला खाटकाचा द्या. नाव पुसलेलं असलं तरी चालेल.